वरचा ओठ उचलून पाहा

"दुधाचेच दात आहेत ना डॉक्टर? पडणारच आहेत, मग भरायचे कशाला?" चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन दातांच्या दवाखान्यात आलेले आईवडील हे हमखास विचारतात. विचारण्यात गैर काही नाही. खर्च आहे, मूल रडणार आहे, आणि घरातून निघताना आजीनं ऐकवलेलं असतं की आमच्या वेळी कुणी दुधाचे दात भरत नव्हतं. दात पडणार हेही खरंच आहे. फक्त कुठला दात कधी पडणार याचा हिशेब कुणी मांडलेला नसतो.

समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. पडलेला दात कौलावर फेकण्याचं कौतुकही त्यांच्याच वाट्याला येतं, त्यामुळे लक्षात राहतात ते तेच. दाढांचं वेळापत्रक निराळं. दुधाच्या २० दातांपैकी ८ दाढा असतात. त्यातली मागची दाढ अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. चौथ्या वर्षी पोखरलेल्या दाढेवर मुलाला आणखी सहा-सात वर्षं जेवायचं असतं. बालवाडीत किडलेली दाढ पाचवी-सहावीत गेल्यावर पडते. तोवर मूल एका बाजूनं चावतं, मग चावणंच टाळतं, भाकरी नको, काकडी नको, भाजी नको असं करत वरणभात आणि दूध-बिस्किटांवर येऊन थांबतं. घरचे म्हणतात, याला जेवायचाच कंटाळा. कंटाळ्याचं कारण पुष्कळदा दाढेत सापडतं. लहान मूल 'दाढ ठणकते' असं नेमकं सांगत नाही. ते चिडचिड करतं, रात्री उठतं, घास तोंडात धरून बसतं.

शिवाय ही दाढ एकटी नसते. तिच्या मुळांच्या बेचक्यात पुढचा, कायमचा दात तयार होत असतो. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचून तिथं पू झाला तर त्या तयार होणाऱ्या दाताचं इनॅमल बिघडू शकतं आणि तो डाग किंवा खड्डा घेऊनच वर येतो. बरं, दाढ काढून टाकली तर? सहाव्या वर्षी तिच्या मागं पहिली कायमची दाढ येते. पुढची जागा मोकळी दिसली की ती पुढं सरकते आणि त्या जागेचा खरा मालक काही वर्षांनी येतो तेव्हा त्याला दार बंद असतं. म्हणून दाढ लवकर काढावी लागली तर डॉक्टर जागा राखण्यासाठी तारेची एक कडी बसवतात. ती कडी म्हणजे डॉक्टरांनी उगाच वाढवलेला खर्च नव्हे.

या सहाव्या वर्षीच्या दाढेबद्दल इथंच सांगितलेलं बरं, कारण तिची उपेक्षा सर्वांत जास्त होते. ती येण्यासाठी कुठलाही दात पडावा लागत नाही. सगळ्यात मागं, गुपचूप, हिरडीतून डोकं काढते. त्यामुळे घरात तिला दुधाचीच समजतात. खरं तर ती आयुष्यभरासाठी आलेली असते आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. तिच्या माथ्यावरच्या खोल चिरांमध्ये अन्न अडकतं आणि नीट वर यायच्या आतच ती किडू लागते. अशा चिरा पातळ लेप देऊन बुजवता येतात. त्याला सीलंट म्हणतात. यात दात कोरावा लागत नाही आणि सुईही टोचत नाही.

आता कीड दिसते कशी ते. काळा डाग किंवा खड्डा दिसला की दात किडला, असं आपण मानतो. पण ती बरीच पुढची पायरी झाली. सुरुवात पांढरी असते. बाळाचा वरचा ओठ बोटानं हलकेच उचला आणि समोरच्या वरच्या दातांची हिरडीलगतची कड उजेडात पाहा. तिथं खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली, ओल्या फडक्यानं पुसूनही ती गेली नाही, तर दातातून खनिज निसटायला लागलं आहे असं समजावं. या टप्प्यावर दात फुटलेला नसतो. फ्लोराइड, ब्रश आणि खाण्यापिण्याच्या वेळा एवढ्यावर कीड थांबवता येते आणि निसटलेलं खनिज काही प्रमाणात परतही येतं. इथं लक्ष गेलं नाही की तीच रेघ पिवळी, मग तपकिरी होते आणि एक दिवस दाताचा कपचा निघतो. दुधाच्या दाताचं इनॅमल कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस दाताच्या मानानं मोठी, पृष्ठभागाजवळ असते. त्यामुळे मोठ्या माणसात ज्या प्रवासाला वर्षं लागतात तो लहान मुलात काही महिन्यांत उरकतो. महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

आधी वरच्याच दातांकडे का पाहायचं, यालाही कारण आहे. तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या मुलांत कीड ठरलेल्या वाटेनं जाते. आधी वरचे समोरचे चार दात, मग पहिल्या दाढा, मग सुळे. खालचे समोरचे दात मात्र शाबूत राहतात. बाटलीचं निपल चोखताना जीभ त्यांच्यावर पसरलेली असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ त्यांना सतत धूत असते. वरच्या दातांना हे संरक्षण नाही. त्यातून झोपेत लाळ जवळजवळ आटते, गिळणंही कमी होतं आणि साखर घातलेलं दूध दातांभोवती तसंच साचून राहतं. अनुभवी डॉक्टर मुलाचं तोंड पाहूनच त्या घरातल्या रात्री कशा जातात ते ओळखतात.

इथं अंगावरच्या दुधाबद्दल एक खुलासा हवा, कारण अशा लेखांमुळे आया घाबरतात. पहिल्या वर्षात आईचं दूध दातांना घातक ठरत नाही, उलट अंगावर पिणाऱ्या बाळांत कीड कमी आढळते. अडचण येते ती वर्षानंतर, बाळ रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपतं, दिवसा गोड खातं आणि दात कुणी पुसत नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की. त्यावर उपाय दात पुसण्याचा आणि रात्रीचं पाजणं हळूहळू कमी करण्याचा. दूध तोडण्याची गरज नाही.

कीड म्हणजे दातात शिरलेला किडा, ही समजूत जगभर होती. १८९०मध्ये बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी तोंडातल्या सूक्ष्मजंतूंवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की जंतू दात खात नाहीत. ते साखर-पिठूळ पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४मध्ये लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातातून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा केला. मग १९४०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी साधा पण फार बोलका प्रयोग केला. लोकांना साखरेच्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि दातांवरच्या थरातली आम्लता मोजत राहिले. काही मिनिटांतच ती धोक्याच्या पातळीवर गेली, म्हणजे पीएच ५.५च्या खाली घसरला आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागला. तेवढा वेळ दातातून खनिज झिजत राहतं. नंतर लाळ आम्ल शमवते आणि आपल्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देते. ही देवघेव दिवसभर चालू असते. दोन खाण्यांमध्ये लाळेला पुरेसा वेळ मिळाला तर दात टिकतो.

याचा पुरावा ज्या प्रयोगातून आला तो मात्र अस्वस्थ करणारा आहे. स्वीडनमधल्या लुंड इथं व्हिपेहोल्म ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांची मोठी संस्था होती. तिथं १९४५पासून दहा वर्षं दात का किडतात याचा अभ्यास झाला. एका गटाला जेवणाबरोबर भरपूर साखर दिली. दुसऱ्यांना जेवणांच्या मधल्या वेळेत, दाताला चिकटून राहावी म्हणून मुद्दाम बनवलेली टॉफी दिली, काहींना दिवसाला चोवीसपर्यंत. जेवणात साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळेत टॉफी चघळणाऱ्यांचे झपाट्यानं किडले आणि टॉफी थांबवल्यावर नव्या किडीचा वेगही उतरला. निष्कर्ष १९५४मध्ये प्रसिद्ध झाले. दंतवैद्यकातली सर्वांत जास्त उद्धृत होणारी ही माहिती अशा माणसांच्या दातांवर उभी आहे, ज्यांना संमती विचारली गेली नव्हती आणि देता येण्यासारखीही नव्हती. स्वीडनमध्ये त्यानंतर मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी द्यायची रीत पडली आणि ती आजही बऱ्याच घरांत आहे.

आपल्या स्वयंपाकघराकडे या नजरेनं पाहिलं तर गुन्हेगार बदलतात. सणाला जेवणात खाल्लेली पुरणपोळी किंवा श्रीखंड दातांचं फारसं वाकडं करत नाही. वाट लावतात त्या मुलाला गप्प बसवण्यासाठी हातात दिलेल्या लहानसहान गोष्टी. सकाळी चहा-दुधात बुडवलेला टोस्ट, शाळेच्या गाडीत बिस्कीट, घरी आल्यावर वेफर्स, टीव्हीसमोर चिक्की, शेजारच्या काकूंनी दिलेली गोळी, झोपताना पावडर घातलेलं गोड दूध. साखर मोजली तर कदाचित पुरणपोळीएवढीच भरेल. पण आम्लाचा तास सहा वेळा वाजला. बिस्कीट आणि वेफर्स गोड लागोत वा खारट, मऊ पिठाचा लगदा होऊन दाढांच्या चिरांत बसतात आणि बराच वेळ तिथून हलत नाहीत. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ताक, पनीर-चीज, काकडी, पेरू हे त्या मानानं सभ्य पाहुणे. प्रमाणाला काहीच अर्थ नाही असा याचा अर्थ नव्हे. लहान मुलाच्या आहारात साखर जितकी कमी तितकी बरी. तरी घरात एकच नियम लावायचा असेल तर तो 'किती'पेक्षा 'किती वेळा' यावर लावावा. माझ्या मते तो पाळायलाही सोपा आहे, कारण त्यात मुलाला गोड नाही म्हणावं लागत नाही, जेवणाची वेळ तेवढी सांगावी लागते. आणखी एक गोष्ट सहज निसटते: खोकल्याची आणि तापाची गोड औषधं. दात घासून झोपवल्यावर रात्री दिलेला चमचाभर सिरप दातांवरच राहतो. दम्यासारख्या दुखण्यात रोज औषध घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी औषधानंतर दोन घोट पाणी पाजण्याची सवय ठेवावी.

जंतू मुलाच्या तोंडात येतात कुठून? बहुतेक वेळा घरच्यांच्याच, विशेषतः आईच्या लाळेतून. बाळाचा चमचा आधी आपल्या तोंडात घालून चव-गरम पाहणं, निपल चाटून देणं, उष्टा घास भरवणं या वाटा आहेत. यावरून काही ठिकाणी आईनं बाळाची पापीही घेऊ नये इथपर्यंत सल्ले जातात. ते मला अति वाटतं. एका घरात राहून लाळ टाळता येत नाही. आईनं गरोदरपणात किंवा बाळाला दात यायच्या आधी स्वतःचे किडलेले दात भरून घेतले तर बाळापर्यंत जाणाऱ्या जंतूंची फौजच लहान होते. पण घरातल्या बाईच्या दाताचा खर्च शेवटी निघतो, हे आपल्याकडचं जुनं दुखणं.

ब्रशबद्दल बोलताना आधी फ्लोराइडचं बोलावं लागतं, आणि महाराष्ट्रात ते जपून बोलावं लागतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१मध्ये फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य आले तेव्हा तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते. कारण शोधायला तीस वर्षं गेली. १९३१मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञानं, चर्चिल यांनी, पाण्यातलं फ्लोराइड शोधलं. गंमत म्हणजे हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. मग योग्य प्रमाण ठरवून १९४५मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. आपल्याकडे गोष्ट उलटी. १९३७मध्ये नेल्लोर भागातून फ्लोराइडच्या विषबाधेचे अहवाल आले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक बोअरवेलच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालतं. त्याहून जास्त फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात आणि पुढं हाडंही दुखावतात. अशा गावात आधी पाणी तपासून घ्यावं, मग बाकीचं.

बाकीच्या महाराष्ट्रात, म्हणजे जिथं पाण्यात फ्लोराइड कमी आहे तिथं, दातांना ते मिळण्याची सर्वांत साधी जागा म्हणजे टूथपेस्ट. पहिला दात दिसला की, साधारण सहाव्या महिन्यात, घासायला सुरुवात करायची. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा या वयात वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट दाखवतात ती लहान मुलासाठी नव्हे. या वयात मूल पेस्ट गिळतं आणि त्याच काळात कायमच्या समोरच्या दातांचं इनॅमल तयार होत असतं, म्हणून मोजून द्यायची. खोक्यावर फ्लोराइड लिहिलेलं आहे का ते वाचा. 'मुलांसाठी' किंवा 'वनौषधी' असं लिहिलेल्या कित्येक पेस्टमध्ये ते नसतं. घासून झाल्यावर थुंकायचं, पण चूळ भरभरून सगळं धुऊन टाकायचं नाही. दातावर थोडं राहिलं तरच उपयोग. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

घासायचं कुणी? सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी. मुलाच्या हाताला तेवढं वळण आलेलं नसतं. 'तिचे ती घासते' असं अभिमानानं सांगितलं जातं तेव्हा बहुधा समोरचे चार दात ओले होतात एवढंच. मांडी घालून बसावं, मुलाचं डोकं मांडीवर घ्यावं आणि वरून पाहत घासावं. तेल लावायला घेतो तसंच. मूल रडलं तर तोंड उघडंच असतं, तेवढीच सोय.

मशेरीचा विषय इथं टाळता येत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी राज्यात अजून कित्येक घरांत दाताला लावली जाते आणि आजीच्या शेजारी बसलेली नात ती हौसेनं उचलते. दंतमंजनात तंबाखू वापरायला १९९२पासून कायद्यानं बंदी आहे, पण तव्यावर भाजायला कुठला परवाना लागत नाही. दाढ दुखते म्हणून मुलाच्या दाढेत मशेरी किंवा तपकीर दाबण्याचे प्रकार होतात. त्यानं हिरडी बधिर झाल्यासारखी वाटते, कीड तशीच खाली जाते आणि मुलाला तंबाखूची पहिली ओळख होते.

दात येण्याच्या काळाभोवती तर समजुतींचं रानच आहे. ताप, जुलाब, खोकला, सगळ्याचं बिल दातांच्या नावावर फाडलं जातं. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचं अन्न सुरू होतं आणि बाळ रांगत हाताला येईल ते तोंडात घालतं. दात त्याच सुमारास येतात, म्हणून आरोपी ठरतात. हिरडी थोडी सुजते, लाळ गळते, बाळ किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं, इथपर्यंत दातांचं. १०० अंशांवरचा ताप किंवा पाण्यासारखे जुलाब दातांमुळे नाहीत. 'दात येतायत' म्हणून दोन दिवस थांबल्यानं बाळाच्या अंगातलं पाणी तेवढं कमी होतं.

दात येण्यावरची औषधं ही त्याहून मोठी भानगड. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळांना एक विचित्र आजार होत असे. हातपाय गुलाबी, सोलवटलेले, बाळ सतत रडतंय, उजेड सहन होत नाही, काही दगावत. नाव पडलं 'पिंक डिसीज'. १९४५च्या सुमारास सिनसिनाटीतले डॉक्टर योसेफ वारकनी यांना अशा एका मुलाच्या लघवीत पारा सापडला. तो आला होता दात येताना द्यायच्या पावडरींमधून, त्यात कॅलोमेल हे पाऱ्याचं संयुग असे. ब्रिटनमध्ये १९५४मध्ये या पावडरींतून पारा काढला गेला आणि आजार पाहता पाहता नाहीसा झाला. दोन-तीन पिढ्यांनी दातांच्या नावावर टाकलेला रोग खरं म्हणजे दातांच्या औषधाचा होता. आजही बेंझोकेनसारखी हिरडी बधिर करणारी जेलं दोन वर्षांखालच्या बाळांना देऊ नयेत असा अमेरिकी औषध प्रशासनाचा इशारा आहे, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यानं घटू शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला हिरडीवर मधही चोळू नये, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. थंड, स्वच्छ, ओलं फडकं चावायला द्यावं, स्वच्छ बोटानं हिरडी दाबावी. एवढं पुरतं.

काही गोष्टींनी मात्र घर विनाकारण हादरतं. दोन-तीन हजार जन्मांमागे एखादं बाळ दात घेऊनच जन्मतं. आपल्याकडे त्याला अपशकुन मानून पूजा-शांतीपर्यंत प्रकरण जातं. बहुतेक वेळा तो नेहमीचाच खालचा दुधाचा दात असतो, लवकर आलेला. फार हलत असेल, बाळाच्या जिभेला जखम करत असेल तर डॉक्टर ठरवतील, नाही तर राहू द्यावा. नवजात बाळाच्या टाळूवर दिसणारे पांढरे मण्यांसारखे ठिपके दात नसतात, ते आपोआप जातात. जिभेवरचा पांढरा थर पुसून निघाला तर दूध, सहज निघाला नाही आणि निघाला तिथं खाली लालसर दिसलं तर बुरशी. बुरशीवर डॉक्टरांचे थेंब लागतात आणि आईच्या स्तनाग्रांवरही उपचार करावे लागतात. लोहाच्या औषधानं दात काळपट होतात, ती कीड नव्हे. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उमटतात आणि जागा बदलतात, त्यानं काही बिघडत नाही. रात्री दात खाणाऱ्या मुलाला जंताचं औषध दिलं जातं. जंतांचं औषध ठरावीक काळानं द्यायचं असतंच, पण त्यानं दात खाणं थांबेलच असं नाही. वाढत्या वयाबरोबर ते बहुधा थांबतं. खालच्या दुधाच्या दातांमागे दुसरी रांग उगवली, नवे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळट दिसले, वरच्या दोन नव्या दातांत फट पडली, हेही बहुतेक वाढीचे टप्पेच. ती फट सुळे येईपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, मिटण्याची वाट पाहावी. सातव्या वर्षी तार लावून घेण्याची घाई नको. उलट मुलाला चांगला ताप आहे, हिरड्या लालभडक सुजल्या आहेत, तोंडभर फोड आहेत आणि ते पाणीही नाकारतंय, तर 'तोंड आलंय' म्हणून सोडून देऊ नये. हा विषाणूंचा संसर्ग असतो आणि त्यात पाणी कमी होण्याचं भय असतं.

किडलेल्या दातांचे उपचार गेल्या काही वर्षांत बरेच सौम्य झाले आहेत, हे पालकांना माहीत नसतं. जपानमध्ये १९७०च्या सुमारास वापरात आलेलं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव किडलेल्या जागी फक्त टेकवायचं असतं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कडक करतं, कीड पुष्कळदा थांबते. दोष एक, किडलेला भाग काळाकुट्ट होतो आणि तसाच राहतो. समोरच्या दाताला आई नको म्हणते, दाढेला चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी आणखी धाडस केलं. त्या कीड न कोरता, भूल न देता दाढेवर स्टीलची टोपी सिमेंटनं घट्ट बसवू लागल्या. आतल्या जंतूंना बाहेरून साखर मिळणं बंद झालं की कीड आतच उपाशी पडते. सुरुवातीला डॉक्टरांनाच हे पचेना. मोजमाप झाल्यावर २००६पासून ही रीत त्यांच्या नावानं जगभर शिकवली जाऊ लागली.

खर्चाचा प्रश्न उरतोच. देशात २००२-०३मध्ये झालेल्या पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले निघाले, आणि त्यातले बहुतेक उपचाराविना होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत पालघरमध्ये सुरू झाला, त्याच्या तपासणी यादीत दात किडणं आहे. अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या पथकाला मुलाचं तोंड दाखवा आणि चिठ्ठी मिळाली तर ती घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जा. सरकारी दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग असतो. रांग लांब असते, पण काम नीट होतं.

राहता राहिला खेळताना आपटून निखळलेला दात. यात दोन वयांचे दोन नियम आहेत आणि उलटे केले तर नुकसान होतं. सहा वर्षांखालच्या मुलाचा दुधाचा दात निखळला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या अंकुराला इजा होते. दाबून रक्त थांबवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. दात निखळण्याऐवजी आत घुसला असेल तर त्याच दिवशी. मूल मोठं असेल आणि दात कायमचा असेल तर तो शोधा, मूळ न चोळता पांढऱ्या बाजूनं धरा, माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं हलकेच क्षणभर धुवा आणि मूल शुद्धीवर, शांत असेल तर तिथल्या तिथं त्याच्या खळग्यात बसवून रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर थंड दुधात टाका. रुमालात गुंडाळून किंवा पाण्यात ठेवून नेऊ नका, मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या-एक तासात दवाखाना गाठला तर दात जगण्याची शक्यता चांगली असते. शाळेतल्या शिक्षकांना आणि खो-खो, क्रिकेट शिकवणाऱ्या सरांनाही हे आधीच सांगून ठेवावं, कारण त्या वेळी आईवडील मैदानावर नसतात.